डोंगराचा काय गुन्हा?

‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. धर्मगुरूच्या तोंडी तर ती वर्षातून अनेकदा येते. मात्र हे गर्वाचे घर नेमके कोणाचे, असा प्रश्न आला की आपली नजर सहसा शेजाऱ्याच्या घराकडे वळते. माझीही तशीच वळत असे. ती माझ्या स्वतःच्या घराकडे कशी वळली, त्याची ही हकिकत आहे. वाचकांपुढे हे पापनिवेदन करताना संकोच वाटतो. परंतु ज्या धर्मगुरूने इतरांना नम्रतेवर शेकडो प्रवचने दिली, त्याने एकदा तरी आपले स्वतःचे उदाहरण द्यावे, हे न्यायाचेच होईल.

पनवेलला लागून असलेले करंजाडे हे मूळचे भातशेतीचे गाव. आज त्याच्या सभोवती मोठी वसाहत उभी आहे. वसईची, कोर्लईची, नगरकडची, गोव्याची अशी निरनिराळ्या ठिकाणची कॅथलिक कुटुंबे नोकरीधंद्याच्या निमित्ताने तेथे येऊन राहिली आहेत. त्यांच्यासाठी तेथील एका सभागृहात महिन्यातून एकदा मराठी मिस्सा अर्पण करण्याचे काम माझ्याकडे आले. त्याच वसाहतीत दुसऱ्याही प्रकारची माणसे राहतात. ती नोकरीसाठी आलेली नाहीत. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावांतील वस्ती उठवावी लागली; त्यांतील काही कुटुंबांना करंजाडे-वडघरच्या बाजूला भूखंड मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीत त्यांची घरे होती, ती माती आता सुमारे ११६० हेक्टरांच्या त्या विमानतळात सामावली आहे.

विमानतळाच्या जागेत उलवे नावाचा डोंगर होता. सुमारे ९० मीटर उंचीचा. धावपट्टीच्या वाटेत तो येत होता, म्हणून सुरुंग लावून तो जवळजवळ जमीनदोस्त करण्यात आला. त्याच्या दगडमातीने भोवतालची सखल, दलदलीची जमीन भरून काढण्यात आली. उलवे नदीचा प्रवाहही वळवण्यात आला. एखाद्या प्रवचनकाराला याहून चांगला दाखला कोठे मिळणार?

२०२४ सालच्या आगमनकाळातील दुसरा रविवार. त्या दिवशीची वाचने वाचकांना आठवत असतील. पहिले वाचन बारूख संदेष्ट्याच्या ग्रंथातील, तर शुभवर्तमान संत लूकच्या तिसऱ्या अध्यायातील. योहान बाप्तिस्ता यार्देनेच्या परिसरात फिरत आहे आणि प्रभूसाठी वाट तयार करा, असे लोकांना सांगत आहे. दऱ्या भरल्या जातील, डोंगर सखल होतील, वाकडे ते सरळ होईल. ही वाचने मी शनिवारी वाचली आणि खिडकीतून पश्चिमेकडे पाहताच मला प्रवचन सुचले.

प्रवचन रंगले. खोटे कशाला सांगू, ते रंगत आहे हे बोलतानाच मला कळत होते. उलव्याच्या डोंगराला मी अहंकाराचे प्रतीक केले. शतकानुशतके मान ताठ करून उभा असलेला हा डोंगर शेवटी धुळीस मिळाला, तेव्हाच आकाशातून उतरणाऱ्यासाठी वाट मोकळी झाली. आपल्याही मनातील गर्वाचा डोंगर असाच सुरुंग लावून फोडला पाहिजे, असे मी म्हणालो. बाबेलचा बुरूज झाला, नबुखद्‌नेस्सर राजा झाला. मिस्सा संपल्यावर लोकांनी हात हातात घेऊन अभिनंदन केले. “फादर, आजचा दाखला अगदी आपल्या दारातला होता,” असे एका गृहस्थांनी म्हटले. मी नम्रपणे मान लववली. त्या मान लववण्यातही किती समाधान होते, ते मला ठाऊक आहे.

सभागृहाची किल्ली एका वृद्ध गृहस्थांकडे असते. ते ख्रिस्ती नाहीत. आगरी समाजातील आहेत. आमची मिस्सा चालू असताना ते बाहेर दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि सर्व जण गेले की कुलूप लावतात. त्या दिवशी मी माझी बॅग उचलून निघालो, तेव्हा त्यांनी मला थांबवले.

“फादर, त्या डोंगराचा काय गुन्हा व्हता?”

मला क्षणभर काही उलगडा होईना. ते पुढे म्हणाले, “उंच व्हता, पन ताठ नव्हता. आमचा गाव त्याचे पायथ्याशी व्हता. त्याचेवर ढग आला का आमी समजाचो, पाऊस आला.”

अशा वेळी माणसाने काय करावे? खाली बसावे आणि म्हणावे, ‘काका, सांगा तुमच्या गावाविषयी.’ मी तसे केले नाही. मी त्यांना रूपक म्हणजे काय ते समजावून सांगितले. पवित्र शास्त्रात डोंगर म्हणजे अहंकार असा अर्थ कोठे कोठे येतो, हेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आसल, फादर. तुमी शिकलेली मानसा.” एवढे बोलून त्यांनी दाराला कुलूप लावले.

घरी आलो. जेवणावर मन लागेना. प्रवचन चुकले नव्हते. शास्त्रार्थाला धरूनच होते. मग हे काय सलते आहे? सेमिनरीत असताना प्रवचनकला शिकवणारे आमचे एक वृद्ध गुरुजी म्हणत असत की प्रवचनानंतर कोणी स्तुती केली तर आभार मानून पुढे चालावे. पण कोणी प्रश्न विचारला तर थांबावे. मी नेमके उलटे केले होते. स्तुतीपाशी थांबलो होतो आणि प्रश्नाला उत्तर देऊन चालता झालो होतो.

त्या रात्री मी जुन्या करारातील उज्जीया राजाची कथा पुन्हा वाचली. इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथातील सव्विसावा अध्याय. बाबेल आणि नबुखद्‌नेस्सर यांच्याइतकी ती परिचित नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. उज्जीया सोळाव्या वर्षी यहूदाच्या गादीवर बसला आणि त्याने ५२ वर्षे राज्य केले. तो काही दुष्ट राजा नव्हता. त्याने यरुशलेमला बुरूज बांधले, रानात विहिरी खणल्या. शास्त्रकार आवर्जून लिहितो की त्याला शेतीची आवड होती. परमेश्वराच्या साहाय्याने तो समर्थ झाला आणि समर्थ झाल्यावर त्याचे मन उन्मत्त झाले. पण त्याचा हा उन्माद प्रकट कोठे झाला? रणांगणावर नव्हे, दरबारातही नव्हे. हाती धूपपात्र घेऊन तो मंदिरात शिरला आणि याजकांचे काम स्वतः करू लागला. अजऱ्या आणि त्याच्यासोबतच्या ८० याजकांनी त्याला अडवले, तेव्हा तो संतापला आणि तेथेच, वेदीजवळ, त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला.

ही कथा मी अनेकदा वाचली होती. परंतु उज्जीयाच्या हाती धूपपात्र होते, ही गोष्ट त्या रात्री प्रथमच मनाला बोचली. धूपपात्र तर माझ्याही हाती असते. प्रभू येशूच्या दाखल्यातील परूशी आणि जकातदार (लूक १८:९-१४) आठवा. तो परूशीही मंदिरातच उभा होता, प्रार्थनाच करत होता आणि जे सांगत होता त्यात असत्य काही नव्हते. तो आठवड्यातून दोनदा उपवास करत असे, दशांश देत असे. त्याचे चुकले ते एवढेच की परमेश्वराशी बोलता बोलता त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले आणि आपल्या प्रार्थनेत त्याचा दाखला म्हणून वापर केला. मीही दुसऱ्याच्या गावाचा दाखला म्हणून वापर केला होता. त्या गावचा माणूस दाराशी बसला होता, हे मला ठाऊक होते. पण ते मला आठवले नाही.

गर्व म्हणजे मोठमोठ्याने बढाया मारणे, अशी आपली समजूत असते. तसा गर्व लवकर ओळखू येतो आणि लोक त्याला हसतात. जो गर्व चांगल्या कामाच्या आड लपतो, तो अधिक घातक. धर्मग्रामात वर्षानुवर्षे सेवा करणारी व्यक्ती ‘माझ्याशिवाय हे होणार नाही’ असे म्हणू लागते. गायनवृंदातील जागेवरून दोन घरांत अबोला होतो. नवस फेडल्याची वार्ता नवसाहून मोठी होते. आणि धर्मगुरू? त्याला तर लोक रोज ‘फादर’ म्हणतात. तो बोलतो तेव्हा कोणी मध्ये बोलत नाही. वीस-पंचवीस वर्षे ज्याचे बोलणे कोणी मध्ये तोडले नाही, त्याला ऐकण्याची सवय राहत नाही.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील नामानाची कथा (अध्याय ५) या संदर्भात मला फार मोलाची वाटते. नामान हा अराम देशाचा सेनापती, पण कोडाने पीडित. त्याला बरे होण्याची वाट कोणी दाखवली? प्रथम त्याच्या घरी दासी म्हणून असलेल्या, युद्धात पकडून आणलेल्या एका इस्राएली मुलीने. अलीशा संदेष्ट्याने बाहेर येऊन त्याचे स्वागत केले नाही, केवळ निरोप पाठवून यार्देनेत सात वेळा स्नान करण्यास सांगितले, तेव्हा नामान रागाने परत फिरला. त्या वेळी त्याला शहाणपण शिकवले ते त्याच्या चाकरांनी. राजे, सेनापती आणि संदेष्टे यांच्या या कथेत परमेश्वर आपले काम एका परक्या मुलीच्या आणि चाकरांच्या शब्दांनी करतो. नामानाचे मोठेपण एवढेच की त्याने शेवटी ते ऐकले आणि तो नदीत उतरला. मी मात्र दाराशी आलेला शब्द समजावून परत पाठवला होता.

मग मी त्या दिवशीचे शुभवर्तमान पुन्हा काढले. माझ्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. बारूखच्या वाचनात आधी डोंगर येतो. संत लूक मात्र यशया संदेष्ट्याचे शब्द देतो आणि त्यांत आधी दरी आहे. आधी दऱ्या भरल्या जातील, मग डोंगर सखल होतील. मी प्रवचनात केवळ डोंगर फोडला होता. दरीविषयी एक शब्दही काढला नव्हता. डोंगर उतरवायचा तो त्याचा पाणउतारा व्हावा म्हणून नव्हे. त्याची माती सखल जागी पडावी, खाली असलेल्याला वर येता यावे, म्हणून. ज्या उंचीची माती कोणाच्याही खळग्यात पडत नाही, ती उतरली काय आणि न उतरली काय! लॅटिन भाषेत नम्रतेचा शब्द मातीच्याच शब्दापासून आला आहे, हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. त्या मातीचा उपयोग काय, हे मात्र मला पन्नाशी ओलांडल्यावर कळले.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिले पाहिजे, कारण तो आम्ही धर्मगुरूंनीही कधी कधी पसरवला आहे. नम्रता म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळणे नव्हे. जो आधीच दरीत आहे, त्याला ‘आणखी खाली वाक’ असे शुभवर्तमान सांगत नाही. पृथ्वीवरील सर्वांत नम्र मनुष्य असे शास्त्र ज्याच्याविषयी म्हणते (गणना १२:३), तो मोशे फारोपुढे ताठ उभा राहिला होता. पवित्र मारीयेने आपल्या स्तोत्रात स्वतःला दासी म्हटले आणि त्याच स्तोत्रात अधिपतींना आसनांवरून उतरवणाऱ्या व दीनांना उंचावणाऱ्या परमेश्वराचे गुणगान केले. आमच्या या परिसरालाही असा इतिहास आहे. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींना योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून आला. अशा लोकांच्या पुढे उभे राहून त्यांच्याच डोंगराच्या नाशावरून नम्रतेचा धडा देणे म्हणजे भुकेल्याला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेच्या आरंभीच एक वेगळा आदर्श उभा आहे. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी येथली भाषा लहान मुलासारखी शिकून घेतली, येथल्या ओवीचा छंद आत्मसात केला आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. त्याच्या काव्यगुणांची आपण वाखाणणी करतो, ते योग्यच आहे. मला मात्र अलीकडे त्या ग्रंथामागची वर्षे दिसतात. शिकवायला आलेला माणूस आधी किती वर्षे ऐकत बसला असेल! माझी तर ही मातृभाषा. आणि दाराशी बसलेल्या माणसाची चार वाक्ये मला धड ऐकता आली नाहीत.

२०२५ सालचा पवित्र गुरुवार १७ एप्रिलला आला. आपल्या सेवाकाळाच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, २०१३ साली, पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहातील बंदिवान तरुण-तरुणींचे पाय धुतले होते. त्यांत मुस्लीमही होते. ते आठवून मी त्या काकांकडे गेलो. डिसेंबरातील माझ्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली आणि पवित्र गुरुवारच्या विधीत तुमचे पाय धुण्याची मला परवानगी द्या, अशी विनंती केली. आता मागे पाहताना वाटते की त्या विनंतीतही थोडे प्रवचन लपलेले होते. लोक काय म्हणतील, तो प्रसंग किती हृद्य होईल, हे सर्व माझ्या मनात येऊन गेले होते.

ते हसले. म्हणाले, “पाय कशाला धुताव, फादर? एक दिस घरी या.”

ईस्टरनंतरच्या आठवड्यात मी गेलो. त्याच सोमवारी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस प्रभुघरी गेले होते. आदल्या गुरुवारी आजारी असतानाही ते रोमच्या तुरुंगातील बंदिवानांना भेटून आले होते. पाय धुण्याचे मात्र त्यांच्या शरीराला झेपले नव्हते. हे मनात घोळवतच मी करंजाडेच्या त्या घराशी पोहोचलो. गल्लीत पाण्याचा टँकर उभा होता. बायामाणसे हंडे-कळश्या भरत होती. मी दाराशी चपला काढल्या, तोच काकांच्या पत्नी आतून तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “पाय धुवा, फादर, आनि आत या.”

मी म्हणालो, “काकी, पाण्याची एवढी ओढ आहे, राहू द्या.” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुढे बोललो नाही. भर दुपारी, टँकरच्या पाण्याने, मी त्यांच्या उंबऱ्याबाहेर पाय धुतले. शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्राने प्रभूला पाय धुऊ देण्यास आधी नकार दिला होता (योहान १३), त्याचे कारण मला त्या क्षणी थोडेसे समजले. दुसऱ्याचे पाय धुणे एक वेळ सोपे असते. त्यात देणारा आपण असतो. दुसऱ्याच्या दारात, त्याच्या टंचाईतून आलेले पाणी मुकाट्याने घेणे कठीण. मी दोन तास तेथे बसलो. गावाची देवळे, भाताची खाचरे, खाडीतली मासळी, पावसाआधी डोंगरावर येणारा ढग, असे सर्व काही काका सांगत होते. मी फारसे बोललो नाही. निघताना त्यांनी माझ्याकडून काहीच मागितले नाही.

संत पौल फिलिप्पैच्या मंडळीला लिहितात की ख्रिस्त देवस्वरूप असूनही त्याने ते धरून ठेवले नाही. त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, क्रुसावरील मरणापर्यंत तो आज्ञांकित राहिला (२:६-८). आपली नम्रता ही त्या उतरण्याचे लहानसे अनुकरण आहे. कोणी आपल्याला सुरुंग लावून उतरवण्याची वाट न पाहता आपण होऊन उतरावे, आणि उतरल्यावर आपली माती कोणाच्या खळग्यात पडली ते पाहावे, एवढेच त्यात आहे. घरातील वडीलधाऱ्याने सुनेचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, शिकलेल्या मुलाने आईला ‘तुला काय कळते’ न म्हणणे, धर्मग्राम मंडळातील जुन्या सभासदाने नव्याला जागा करून देणे. आपल्या घराघरांतील डोंगर हे असेच असतात.

विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी विमाने तेथून उडू लागली ती २५ डिसेंबरला, नेमकी नाताळच्या दिवशी. त्या सकाळी करंजाडेच्या सभागृहात मिस्सा होती. दाराशी काका नेहमीप्रमाणे खुर्ची टाकून बसले होते. विमानतळ हवा की नको, हे सांगणारा मी कोण? आमच्याच समूहातील काही तरुणांना तेथे काम मिळाले तर मला आनंदच होईल. परंतु ज्या दिवशी परमेश्वर आकाश सोडून गोठ्यात उतरला, त्याच दिवशी आम्ही डोंगराच्या जागेवरून आकाशात झेपावलो, हा योगायोग मला अंतर्मुख करून गेला. प्रवचनात मात्र मी त्याचा दाखला दिला नाही. त्या दिवशी मी गोठ्याविषयी बोललो, थोडकेच बोललो. मिस्सा झाल्यावर एक खुर्ची दाराशी नेली आणि कुलूप लागेपर्यंत काकांशेजारी बसलो.

हे प्रभो, ज्यांना आम्ही दाराबाहेर बसवले आहे, त्यांचे ऐकण्याइतके आम्हांला खाली आण. आणि आमच्या उंचीची माती, जेथे तुला हवी तेथे, अंथर. आमेन.